फेकायचं की खायचं? वाचकांचे प्रश्न, स्वयंपाकघरातली उत्तरं

या खेपेच्या पत्रांत सरळ दोन तट दिसले. एका बाजूला पाकिटावरची तारीख उलटली की डोळे मिटून फेकणारे, दुसऱ्या बाजूला वास मारेपर्यंत सांभाळणारे. गंमत अशी की पहिले लोक बिनधोक वस्तू फेकतात आणि दुसरे नेमकी धोक्याची वस्तू जपून ठेवतात. तेव्हा आज दोघांनाही थोडं थोडं बोलणार आहे.

प्रश्न : तारीख उलटली की आमच्याकडे वस्तू थेट कचऱ्यात जाते. मला हा अतिरेक वाटतो, घरच्यांना मी निष्काळजी वाटतो. बरोबर कोण?

तारखेच्या आधी काय छापलंय ते वाचल्याशिवाय हा वाद मिटणार नाही. 'बेस्ट बिफोर' असेल, तर त्या दिवसापर्यंत चव, रंग, कुरकुरीतपणा उत्तम राहील एवढंच उत्पादक सांगतो. दुसऱ्या दिवशी बिस्किट मऊ लागेल, मसाल्याचा वास उतरलेला असेल, पण त्यात विष तयार होत नाही. 'यूज बाय' किंवा 'एक्सपायरी' ही मात्र सुरक्षिततेची तारीख. तिथे तुमच्या घरच्यांचं ऐका, वास चांगला येत असला तरी. लिस्टेरियासारखे जिवाणू फ्रिजच्या थंडीतही हळूहळू वाढतात आणि पदार्थाचा वास किंवा रंग बदलेलच असं नाही.

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत या दोन तारखा वेगळ्या आहेत. आयोडीन न घातलेलं मीठ, वेगळी पोषकद्रव्यं न मिसळलेली घन स्वरूपातली साखर आणि व्हिनेगर यांना तर त्यांत तारखेची सक्तीच नाही. तरीही मिठाची पिशवी तारीख बघून फेकणारी माणसं असतात. युरोपीय आयोगाच्या 2018च्या अभ्यासानुसार तिथे वर्षाला वाया जाणाऱ्या 8.8 कोटी टन अन्नापैकी 10 टक्क्यांपर्यंत अन्नाचा संबंध तारखांच्या छपाईशी आणि ती वाचण्यातल्या गोंधळाशी होता.

आता तुमच्यासाठी एक गोष्ट. छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. दुधाची पिशवी किंवा सॉसची बाटली एकदा उघडली की ती तारीख विसरायची आणि 'उघडल्यावर इतक्या दिवसांत वापरा' ही बारीक अक्षरातली ओळ शोधायची. झाकणावर चिकटपट्टी लावून उघडल्याचा दिवस लिहून ठेवा. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीत मात्र कसलीही सूट घेऊ नका.

प्रश्न : आठवड्याची भाजी एकदम आणते. चौथ्या दिवशी पालक चिकट, कोथिंबीर पिवळी. आणल्या आणल्या धुऊन पिशवीत बांधून ठेवते, फ्रिजही नवा आहे. चुकतंय कुठे?

धुऊन बांधून ठेवण्यातच चुकतंय. पानांवर राहिलेलं पाणी आणि बंद पिशवी मिळाली की जिवाणूंना आणखी काही लागत नाही. भाजी ठेवताना धुऊ नका, वापरताना धुवा. आधी धुवायचीच असेल तर पूर्ण कोरडी होईपर्यंत पसरून ठेवण्याइतका वेळ हाताशी हवा.

पुढच्या वेळी जुडी आणलीत की तिचा दोरा किंवा रबर काढून ती जागा नीट बघा. देठ जिथे आवळले गेलेले असतात तिथली पानं आधीच काळपट, ओलसर झालेली दिसतील. चिकटपणाची सुरुवात बहुतेक वेळा तिथूनच होते. जुडी मोकळी करा, चेचलेली पानं निवडून टाका, उरलेली कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवा. फडकं दमट झालं की बदला. कोथिंबीर, पुदिना देठांसकट असतील तर पेल्यात बोटभर पाणी घेऊन त्यात उभे ठेवले तरी छान टिकतात.

पिवळेपणाचं कारण वेगळं. सफरचंद, पिकलेली केळी, टोमॅटो यांतून एथिलीन नावाचा वायू बाहेर पडतो. फळं पिकवणारा हाच वायू पालेभाजीला म्हातारी करतो. म्हणून फळं आणि पाला एका कप्प्यात नकोत. फ्रिजच्या खालच्या कप्प्याला सरकपट्टी असेल तर पाल्याच्या कप्प्याची बंद ठेवा, म्हणजे ओलावा आत राहतो. फळांच्या कप्प्याची उघडी ठेवा, म्हणजे वायू बाहेर जातो.

फ्रिज नवा आहे म्हणजे तो पुरेसा थंड आहे असं नाही. पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून पेला रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी आकडा 4 अंश सेल्सिअस किंवा त्याखाली हवा. दारातले कप्पे सगळ्यात उबदार असतात, आणि नेमकं दूध आपण तिथेच ठेवतो. दारात सॉस, लोणची ठेवा. दूध आत, मागच्या बाजूला.

सुकलेली आणि सडलेली भाजी यांत गल्लत करू नका. मान टाकलेल्या पालकातलं फक्त पाणी उडालेलं असतं. थंडगार पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवला की तो पुन्हा ताठ होतो. चिकट झालेली पानं मात्र गेली.

शेवटचं म्हणजे, आठवड्याचा बेत आवडीने नव्हे, टिकाऊपणाने लावा. पहिल्या दोन दिवसांत पाला, मग काकडी, टोमॅटो, फुलकोबी, आणि आठवडा संपताना कोबी, गाजर, बटाटा. शुक्रवारी पालक करायचं असं ठरवून तो सोमवारी आणला, तर त्यात फ्रिजचा काय दोष?

प्रश्न : रात्रीचा उरलेला भात ओट्यावर झाकून ठेवतो आणि सकाळी चांगला गरम करून खातो. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर असंच केलं, काही झालं नाही. शिवाय गरम पदार्थ आत ठेवला की फ्रिज बिघडतो, असंही त्यांचं म्हणणं.

सांभाळणाऱ्यांच्या तटातलं हे सगळ्यात धोक्याचं पत्र, म्हणून जरा सविस्तर. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तग धरतात. भात शिजतो, बीजाणू जिवंत राहतात. मग भात रात्रभर कोमट अवस्थेत पडून राहिला की त्यांतून जिवाणू वाढतात आणि त्यांच्यातले काही एक विष तयार करतात. सकाळच्या गरम करण्याने जिवाणू मरतील, ते विष मरत नाही. उलट्या सुरू होतात त्या या विषामुळे. अशा भाताला वास येईलच असं नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा घरगुती नियम सोपा आहे: शिजवलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये. 5 ते 60 अंश सेल्सिअस हा जिवाणूंचा आवडता पट्टा, त्यातून अन्न लवकर बाहेर काढायचं. भात पसरट ताटात किंवा उथळ डब्यात पातळ पसरा, वाफ गेली की झाकून फ्रिजमध्ये. दुसऱ्या दिवशी संपवा, आणि जेवढा खायचा तेवढाच काढून वाफा येईपर्यंत एकदाच गरम करा.

गरम पदार्थाने फ्रिज बिघडत नाही. पण अख्खं गरम पातेलं आत ठेवलं तर शेजारचे पदार्थ कोमट होतात आणि पातेल्याच्या मध्यभागचा भात तासन्‌तास उबदार राहतो. म्हणजे सासूबाईंची शंका अगदीच अनाठायी नाही. पातेलं नको, उथळ डबे चालतील.

राहता राहिलं 'काही झालं नाही'. कधी ना कधी झालं असेल आणि त्याचं खापर बदललेल्या हवेवर फुटलं असेल! हा वाद जिंकायच्या भानगडीत पडू नका. जेवणं आटोपली की भात डब्यात काढायचं काम तेवढं आपल्याकडे घ्या.

प्रश्न : जॅमवर बुरशीचा एखादा ठिपका दिसला तर तेवढा काढून बाकी वापरलं तर? ब्रेडचं काय? चीजचं?

जॅम फेका, ब्रेड फेका, मऊ चीजही फेका. मऊ आणि ओलसर पदार्थात बुरशीचे धागे दिसणाऱ्या ठिपक्यापेक्षा बरेच खोल गेलेले असतात. कडक चीज मात्र वाचवता येतं: ठिपक्याच्या सगळ्या बाजूंनी आणि खाली मिळून साधारण अडीच सेंटीमीटर भाग कापून टाका, सुरी बुरशीला लागू देऊ नका. गाजर, कोबी अशा घट्ट भाज्यांनाही हाच न्याय. आणि खात्री करायला म्हणून नाक लावून वास घेऊ नका, बुरशीची पूड श्वासात जाते.

शेंगदाणे आणि मका यांच्याबाबत मी कुणालाच सवलत देत नाही. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले. शोध घेतल्यावर त्यांच्या खाद्यातल्या शेंगदाण्याच्या पेंडीवरची बुरशी सापडली आणि अफ्लाटॉक्सिन हे विष जगाला कळलं. ते यकृतावर आघात करतं आणि नेहमीच्या भाजण्या-शिजवण्याने पूर्ण नष्ट होत नाही. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले, कडवट लागणारे दाणे पाखडून वापरण्यात काटकसर नाही.

प्रश्न : ब्रेड फ्रिजमध्ये ठेवला तर दोन दिवसांत चिवट होतो. बाहेर ठेवला तर बुरशी येते. मग ठेवायचा कुठे?

फ्रीजरमध्ये. ब्रेड शिळा होतो तो फक्त वाळल्यामुळे नव्हे, तर त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट होऊ लागल्यामुळे, आणि हे काम फ्रिजच्या तापमानाला सगळ्यात वेगात होतं. गोठवल्यावर ते जवळजवळ थांबतं. काप करून गोठवा, लागेल तेवढे थेट तव्यावर किंवा टोस्टरमध्ये टाका.

प्रश्न : कांदे-बटाटे एका टोपलीत ठेवतो. बटाट्यांना फार लवकर मोड येतात.

टोपल्या वेगळ्या करा. दोघांना हवा हवी, बटाट्याला अंधारही हवा. उजेडात तो हिरवा पडतो आणि त्यात सोलॅनिनसारखी कडू विषारी द्रव्यं वाढतात. बारीक मोड आणि थोडा हिरवा भाग खोल कापून टाकला तर बाकीचा घट्ट बटाटा चालतो. सुरकुतलेला, पार हिरवा, कडू बटाटा नको.

प्रश्न : उरलेलं सगळं फ्रीजरमध्ये टाकते आणि सहा महिन्यांनी 'हे काय आहे?' म्हणत फेकते. यापेक्षा आधीच फेकलेलं काय वाईट?

खरं आहे, तुमच्याकडे फ्रीजर म्हणजे कचऱ्याच्या डब्याआधीचा थांबा झालाय. डब्यावर नाव आणि तारीख लिहिल्याशिवाय काहीही आत जाणार नाही, एवढा एकच नियम करा. गोठलेली डाळ आणि गोठलेलं सूप दिसायला सारखंच असतं.

उणे 18 अंशांत जिवाणू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. म्हणून पदार्थ ताजा असताना गोठवा. चार दिवस फ्रिजमध्ये फिरवून कंटाळा आल्यावर गोठवलात, तर बाहेर काढाल तेव्हा तो तितकाच जुना असेल. वितळवायचं फ्रिजच्या खालच्या फळीवर. तसं वितळवलेलं अन्न लगेच पुन्हा गोठवलं तरी धोका नाही, पोत मात्र जातो. ओट्यावर तासन्‌तास वितळलेलं परत आत घालू नका. मटार, घेवडा अशा भाज्या उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं टाकून, थंड पाण्यात निववून, कोरड्या करून गोठवा. तसं केलं नाही तर आतली विकरं (एन्झाइम) थंडीतही काम करत राहतात आणि रंग-चव उतरते. काकडी आणि सॅलडची पानं गोठवू नका, लगदा होतो.

प्रश्न : आमचा ओला कचरा सगळा खतात जातो. म्हणजे आमच्याकडे नासाडी शून्यच म्हणायची ना?

नाही म्हणायची. खत करता हे चांगलंच, कचराभूमीत गाडलेल्या अन्नातून निघणारा मिथेन तेवढा टळतो. साली, देठ, अंड्यांची टरफलं यांना तीच योग्य जागा. पण अख्खा टोमॅटो खतात गेला तर तो पिकवायला लागलेलं पाणी, खत, इंधन आणि तुमचे पैसे यांतलं काहीच परत येत नाही, मूठभर माती तेवढी मिळते. खतामुळे मनाची टोचणी कमी होते, ही मला त्यातली अडचण वाटते.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024च्या अहवालात 2022 सालचा हिशेब आहे. दुकानं, उपाहारगृहं आणि घरं मिळून 105 कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं 60 टक्के घरांतून. दरमाणशी वर्षाला 79 किलो अन्न घरातच वाया गेलं. त्या मोजणीत साली, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे, पण तरी बोट आपल्याच स्वयंपाकघराकडे जातं.

तुम्ही एक करा. खताच्या डब्याच्या झाकणावर कागद चिकटवा, पेन्सिल टांगा. आठवडाभर सालींखेरीज जे जे आत जाईल त्याचं नाव आणि एका शब्दात कारण लिहा: 'जास्त आणलं', 'जास्त शिजवलं', 'विसरलं', 'ताटात टाकलं'. प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा असतो. 'विसरलं' जास्त निघालं तर फ्रिजची एक फळी 'आधी हे संपवा' म्हणून डोळ्यांसमोर मोकळी ठेवा आणि स्वयंपाकाचा विचार तिथून सुरू करा. 'जास्त शिजवलं' असेल तर डोळ्यांच्या अंदाजावर न जाता तांदूळ मापाने घ्या. 'ताटात टाकलं' निघालं तर पहिल्यांदा थोडं वाढा, मुलांना तर नक्कीच. आणि 'जास्त आणलं' असेल तर यादी करण्याआधी फ्रिज उघडून बघा. बाजारात उभं राहून घरात काय आहे ते आठवत नाही, हा सर्वांचाच अनुभव.

प्रश्न : पाण्यात तरंगणारं अंडं खराबच असतं का?

जुनं असतं. कवचाच्या छिद्रांतून आतलं पाणी उडत जातं, हवेची पोकळी वाढते आणि अंडं वर येतं. यावरून वय कळतं, बिघाड कळत नाही. वेगळ्या वाटीत फोडून बघा. वास आला किंवा रंग विचित्र दिसला तर फेका, नाहीतर पिवळ्यासकट घट्ट शिजवून खा. आणि बुडालेलं अंडं ताजं असलं तरी त्यात साल्मोनेला हा आजारी पाडणारा जिवाणू नसेलच याची हमी पाणी देत नाही, तेव्हा तेही नीट शिजवाच.