उसन्या पैशांचा चेक परत आला आणि नोटिशीचे तीस दिवसही निघून गेले. आता काय?

तुमच्या प्रश्नातला हिशेब आधी नीट लावू. ओळखीच्या गृहस्थांना दुकानासाठी दोन लाख दिलेत, दीड लाख खात्यातून आणि पन्नास हजार रोख. त्यांनी १० जानेवारीच्या तारखेचा दोन लाखांचा चेक दिला, तो १६ तारखेला ‘फंड्स इनसफिशियंट’ म्हणून परत आला. मग त्यांनी मोबाइलवरून ४० हजार पाठवले आणि तेव्हापासून ‘देतो, देतो’ चाललंय. तुमचं खातं इंदूरला, ते आता देवासला. चाळीस दिवस झाले, चेक परत आल्यावर तीस दिवसांत पाठवायची पैशांच्या मागणीची नोटीस पाठवलेली नाही, आणि पोलीस ठाण्यात गेलात तर ‘कोर्टात जा’ म्हणाले.

ठाण्यातल्यांनी तुम्हाला टोलवलं नाही, बरोबर तेच सांगितलं. चेक न वटणं हा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ चा गुन्हा आहे आणि त्यात एफआयआर होत नाही. ज्याच्या नावे चेक आहे त्यानंच मॅजिस्ट्रेटसमोर लेखी परिवाद, म्हणजे खासगी तक्रार, दाखल करायचा असतो. फसवणुकीचा गुन्हा लावायचा तर पैसे घेतानाच बुडवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. तुमच्या गृहस्थांनी ४० हजार परत दिलेत, त्यामुळे ती वाट सोडून द्या.

तुम्ही विचारलंय, तोच चेक पुन्हा टाकू का? चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिने चालतो आणि त्या मुदतीत तो कितीदाही टाकता येतो. पुन्हा परत आला की नवा मेमो, म्हणजे चेक का परत आला ते सांगणारा बँकेचा कागद, मिळतो आणि नोटिशीचे तीस दिवस नव्यानं सुरू होतात. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये हे स्पष्ट केलंय. म्हणजे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तुमच्या हातात वेळ आहे, आणि बहुतेक जण तुम्हाला हाच सल्ला देतील.

पण तुमच्या बाबतीत तो सल्ला खड्ड्यात घालेल, कारण ते ४० हजार. आज येणं १ लाख ६० हजार आहे आणि चेक दोन लाखांचा. चेक दिल्यानंतर काही रक्कम परत आली असेल आणि तरी पूर्ण रकमेचा चेक टाकला, तर ती रक्कम ‘कायद्यानं वसूल होण्याजोगं देणं’ राहत नाही आणि १३८ लागत नाही, असं सुप्रीम कोर्टानं २०२२ मध्ये म्हटलंय. समोरचा वकील पहिल्याच पेशीला (सुनावणीला) मोबाइलच्या ४० हजारांची नोंद काढून दाखवेल. चेकवरच ‘४०,००० पोचले’ असा शेरा घेऊन उरलेल्या रकमेसाठी तो टाकायची सोय कायद्यात आहे. मात्र क्लिअरिंग हल्ली चेकच्या फोटोवर चालतं, त्यामुळे असा चेक घ्यायला काउंटरवर का-कू होऊ शकते. आधी शाखेत विचारून घ्या.

त्यापेक्षा १ लाख ६० हजारांचा नवा चेक मागा. ते अजून बोलतायत, फोन उचलतायत, तोवरच हे होईल. जुना चेक नवा हातात पडेपर्यंत परत देऊ नका, आणि तो मेमोसकट जपून ठेवा. नव्या चेकवर नाव, रक्कम, तारीख त्यांच्याच हातानं भरून घ्या. सही करून कोरा दिलेला चेकही कोर्टात चालतो, पण मग ‘अक्षर माझं नाही’ यावर दोन-चार पेश्या जातात. सोबत एका कागदावर तीन ओळी आणि सही घ्या: अमुक तारखेला दोन लाख घेतले, ४० हजार परत केले, १ लाख ६० हजार देणं बाकी. हा कागद फार कामाचा. उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत तीन वर्षं, आणि ती चेक परत आल्यापासून नाही, पैसे दिल्यापासून चालते. मुदत संपण्याआधी सही करून देणं कबूल केलं तर ती नव्यानं सुरू होते.

आता नवा चेकही परत आला असं धरू. एसएमएसवर थांबू नका, शाखेतून शिक्क्यासकट रिटर्न मेमो घ्या. परतीचं कारण ‘अकाउंट क्लोज्ड’, ‘पेमेंट स्टॉप्ड’ किंवा सही जुळत नाही असं असलं तरी १३८ लागू शकतं. ‘त्यानं पेमेंट थांबवलं, आता काही होत नाही’ ही निव्वळ ऐकीव गोष्ट आहे.

तारखा मांडून दाखवतो. मेमो ३ मार्चला मिळाला तर तो दिवस सोडून तीस दिवस, म्हणजे २ एप्रिलपर्यंत नोटीस गेलीच पाहिजे. ही मुदत कोर्टही वाढवून देत नाही. समजा नोटीस २० मार्चला टाकली आणि त्यांना २४ ला मिळाली. त्यांना पैसे द्यायला पंधरा दिवस, म्हणजे ८ एप्रिलपर्यंत. ९ एप्रिलपासून एक महिन्यात परिवाद. तो ८ मेच्या पुढे जाऊ देऊ नका, खरं तर एप्रिलमध्येच टाका. इथे उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते, नोटिशीला ती सोय नाही. घाईही नडते: पंधरा दिवस पुरे व्हायच्या आत टाकलेल्या परिवादाची कोर्ट दखलच घेऊ शकत नाही.

नोटीस वकिलानंच द्यावी असं बंधन नाही, पण देववा. त्यात चेकचा नंबर, तारीख, बँक, शाखा, परत येण्याचं कारण, पैसे कशाचे, आणि पंधरा दिवसांत रक्कम द्या ही स्पष्ट मागणी हवी. मागणी चेकवरच्या आकड्याची, रुपया इकडचा तिकडे नाही. व्याज, नोटीस खर्च मागायचा तर वेगळ्या ओळीत, वेगळा आकडा लिहून. चेक एक आणि नोटिशीत रक्कम दुसरी, म्हणून टायपिंगची चूक सांगूनही प्रकरण टिकलं नाही, असा निकाल २०२५ चा आहे. सही करण्याआधी चेक शेजारी ठेवून आकडा स्वतः वाचा. ऑफिसात जुन्याच नोटिशीवर नवी टाइप करतात आणि मागच्या पक्षकाराची रक्कम तशीच राहून जाते.

पत्ते दोन्ही टाका, देवासचा आणि इंदूरचा जुना. स्पीड पोस्टनं पाठवा, पावती जपा आणि ट्रॅकिंगचा कागद लगेच छापून घ्या, नंतर ती नोंद साइटवर सापडत नाही. ‘घेण्यास नकार’ किंवा ‘घर बंद’ असा शेरा येऊन पाकीट परत आलं तर ते फोडू नका, तसंच कोर्टात द्या. पत्ता बरोबर असेल तर नोटीस पोचली असंच धरतात. व्हॉट्सअ‍ॅपवर हवी तर प्रत टाका, पण त्याच्या भरवशावर राहू नका.

देवासला हेलपाटे घालावे लागतील का? नाही. २०१५ च्या दुरुस्तीनंतर, चेक तुम्ही आपल्या खात्यात जमा केला तर खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट. चेक कुठल्या शाखेच्या पेटीत टाकला याला महत्त्व नाही. मात्र पासबुक उघडून मूळ शाखा पाहून घ्या. बरेच जण नोकरीच्या काळात पुण्याला किंवा भोपाळला उघडलेलं खातं इथे वापरत असतात, आणि मग परिवाद तिकडे करावा लागतो. तुमचं खातं इंदूरचंच असेल तर तिथलंच जिल्हा न्यायालय. कागद हिंदीत चालतात. मध्य प्रदेशात या परिवादावर चेकच्या रकमेप्रमाणे कोर्ट फी लागते, ती वकिलाच्या फीमध्ये धरलीय की वेगळी, हे आधीच विचारा.

रोख दिलेल्या पन्नास हजारांवर ते बोट ठेवणार. चेकवर सही कबूल असली की देणं होतं असंच कोर्ट गृहीत धरतं, पण समोरच्यानं ‘यांच्याकडे एवढे पैसे होतेच कुठे’ असा पटण्याजोगा मुद्दा काढला तर बाजू तुमच्यावर उलटते. पैसे त्या सुमाराला बँकेतून काढले असतील तर तो पासबुकाचा उतारा हवा. वीस हजार किंवा त्याहून जास्त कर्ज रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही आणि त्याचा दंड घेणाऱ्यावर आहे. तेवढ्यानं तुमचं येणं बुडत नाही, हेही सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलंय. व्याजानं दिले असतील आणि असे आणखी चार जणांना देत असाल, तर सावकारीच्या परवान्याचा प्रश्न निघेल. तसं असेल तर वकिलापासून लपवू नका.

शिक्षा दोन वर्षांपर्यंत किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ऐकायला जबरदस्त वाटतं, पण खरा दबाव समन्स आणि जामिनाचा असतो. आरोपीनं गुन्हा नाकारला की कोर्ट चेकच्या वीस टक्क्यांपर्यंत अंतरिम भरपाई देववू शकतं. ती आपोआप मिळत नाही, अर्ज करून मागा. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न करावा. इंदूरला त्या हिशेबानं बेत आखू नका.

तडजोड पुष्कळदा लोक अदालतीत होते आणि ती करावीच. फक्त ‘आधी केस मागे घ्या, मग देतो’ याला हो म्हणू नका. हप्ते ठरले तर ते कोर्टाच्या रेकॉर्डवर लिहून घ्या आणि शेवटची रक्कम खात्यात जमा झाल्यावरच मिटवा.

आणि त्यांनी नवा चेक दिलाच नाही, जुन्यावर शेराही मारला नाही, तर १३८ चा नाद सोडा. जुना चेक, मेमो, खात्याचा उतारा आणि ४० हजारांची नोंद घेऊन दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ३७ खाली, म्हणजे झटपट पद्धतीचा, दिवाणी दावा लावा. त्यात समन्स मिळाल्यावर समोरच्याला दहा दिवसांत हजेरी नोंदवावी लागते आणि बचावासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, त्यामुळे नेहमीच्या दाव्याइतका तो रेंगाळत नाही. पैसे दिल्याची तारीख तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत. दोन वर्षं उलटून गेली असतील तर नव्या चेकची वाट पाहत बसू नका, याच आठवड्यात कागद घेऊन वकिलाकडे जा.