सुंभ, पीळ आणि मृणालिनी मुखर्जी

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मॅक्रमेच्या क्लासला जाते. तिथे मृणालिनी मुखर्जींच्या कामाचे फोटो दाखवले. गाठी आम्हीही मारतो. मग त्यांचं ते शिल्प आणि आमचं ते कुंडीचं शिंकाळं, असं का?"

प्रश्नात थोडा राग आहे आणि तो रास्त आहे. मी स्वतः बारा वर्षं मॅक्रमे, म्हणजे दोराला गाठी मारून वस्तू करणं, शिकवते आहे, त्यामुळे हा राग माझ्या ओळखीचा आहे.

गाठीत फारसा फरक नाही, हे आधी कबूल करते. मुखर्जी या दोरातून शिल्पं घडवणाऱ्या भारतीय शिल्पकार. त्यांनी माग वापरला नाही, विणकाम केलं नाही. जाड दोर घ्यायचा आणि हाताने गाठीमागून गाठ मारत जायची. दोर कसला, तर इंग्रजीत ज्याला हेंप म्हणतात तो. आपल्याकडच्या ताग-अंबाडीच्या जातकुळीतला राठ, बोटं सोलवटून काढणारा. माझे आजोबा पावसाळ्यात ओसरीवर बसून अंबाडीची दावी वळायचे, त्यांच्या तळहातांना कायम घट्टे असत. असा दोर रंगवून त्यातून माणसाहून उंच आकृती उभी करायची म्हणजे एकेका कामाला महिनोन्‌महिने लागत. शिवाय कागदावर आधी रेखाटन नाही, छोटा नमुना नाही. हात चालेल तसा आकार.

मी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं ते मार्च २०१५ मध्ये, दिल्लीत जयपूर हाऊसला, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मोठ्या प्रदर्शनात. खरं तर नात्यातल्या लग्नाला गेले होते. ते प्रदर्शन जानेवारीअखेरीस उघडलं आणि काही दिवसांतच, फेब्रुवारीत, त्या गेल्या. आयुष्यभराचं काम पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या प्रमाणावर एकत्र मांडलं गेलं आणि नेमकी तेव्हाच ती बाई नाही. एका जांभळट आकृतीपुढे मी बराच वेळ उभी होते. जवळ गेल्यावर गोठ्यातल्या दाव्यांचा वास येईल असं उगाच वाटलं. आला नाही. पण दोराच्या घड्या ओठांसारख्या, पाकळ्यांसारख्या, कुठे सरळसरळ योनीसारख्या उलगडलेल्या होत्या आणि मला तिथे एकटीने उभं राहायचा संकोच वाटायला लागला. देवळाच्या गाभाऱ्यात चुकून शिरल्यासारखं.

कामांची नावंही तशीच: 'यक्षी', 'रुद्र', 'वनश्री', 'आदिपुष्प'. पण मूर्तिशास्त्राचं पुस्तक उघडून ही यक्षी शोधायला गेलात तर सापडणार नाही. या देवता त्यांच्या स्वतःच्या आहेत, अर्धं झाड आणि अर्धं शरीर.

झाडांचं हे वेड कुठून आलं असावं, याला त्यांचं बालपण साक्ष आहे. जन्म १९४९ चा, मुंबईतला. वाढल्या डेहराडूनला, सुट्ट्या शांतिनिकेतनात. आई लीला मुखर्जी शिल्पकार, वडील बिनोदबिहारी मुखर्जी मोठे चित्रकार. मुलगी आठेक वर्षांची असताना, १९५७ मध्ये, वडिलांची दृष्टी पूर्ण गेली, तरी ते काम करत राहिले. यावरून 'म्हणून मुलगी स्पर्शाकडे वळली' असं लिहायचा मोह होतो. मी तो आवरते, कारण असल्या सोप्या जोडण्या मला आवडत नाहीत.

बडोद्याचं मात्र ठामपणे सांगता येतं. तिथल्या कला विद्याशाखेत त्या आधी चित्रकला आणि मग के. जी. सुब्रमण्यन यांच्याकडे भित्तिचित्र शिकल्या. सुब्रमण्यन हे कारागिरी आणि कला यांच्यामध्ये भिंत न मानणारे गुरू. मातीची खेळणी काय, हातमाग काय, त्यांना काहीच हलकं नव्हतं. विद्यार्थिदशेतच मुखर्जींनी दोर हातात घेतला आणि पुढची पंचवीसेक वर्षं सोडला नाही.

आता तुमच्या 'का'कडे येते. शिंकाळं वरच्या खिळ्याच्या जिवावर लोंबतं. खिळा काढला की जमिनीवर नुसती गुंतवळ. मुखर्जींची सुरुवातीची कामं भिंतीच्याच आधाराची होती. हळूहळू ती भिंत सोडून पुढे आली, काही तर चारही बाजूंनी पाहता येतील अशी उभी राहिली. आत लोखंडाचा सांगाडा असे, हे खरं. पण पोट, घडी, मांडीचा फुगवटा, हे सगळं गाठींच्या दाटपणातून येतं. दोराला खाली ओढणारं वजन त्यांनी लपवलं नाही. तेच वापरून त्यांनी घड्या पाडल्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हट्टी माणसाला टोमणा म्हणून मारतो. त्यांच्याकडे त्या पिळावरच सगळी आकृती तोललेली आहे.

नंतर त्या सिरॅमिककडे आणि २००० नंतर ब्राँझकडे वळल्या. तीही कामं चांगली आहेत, पण माझा जीव दोरातच अडकलेला आहे.

तुमच्या रागाचा दुसरा भाग, म्हणजे दोर हातात असला की 'हस्तकला' म्हणून बाजूला सारणं, हे त्यांच्याही वाट्याला आलं. अमेरिकेतलं त्यांचं पहिलं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन न्यूयॉर्कच्या मेट ब्रॉयरमध्ये (मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाच्या तेव्हाच्या शाखेत) झालं ते २०१९ मध्ये, त्या गेल्यावर चार वर्षांनी. व्हेनिसच्या बिएनालेत, म्हणजे तिथे दर दोन वर्षांनी भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात, २०२२ मध्ये त्यांची कामं होती. आता जगभर धाग्याच्या कामाला मान मिळतोय, त्यात त्यांचं नाव घेतल्याशिवाय कुणाचं पान हलत नाही.

दिल्लीहून परतल्यावर मीही सुतळीची चार फुटी आकृती करायला घेतली होती, आत तारेचा सांगाडा घालून. गाठी विरळ पडल्या. पंधरा दिवसांत तिने बसकण मारली आणि आता तिच्यावर आमची मांजर झोपते. तुम्ही करून बघणार असाल तर सुतळी अंदाजाच्या तिप्पट आणा, आणि हातमोजे घालू नका, गाठ कळत नाही.