गुडघ्यावर बसवून शिकवायचं

प्रिय पोरा,

तुझं पत्र मिळालं. राज्याच्या संघात यंदाही नाव नाही आणि शाळेनं लहान मुलांना बेसबॉल शिकवायला बोलावलंय. “सर, म्हणजे माझं खेळणं संपलं का?” असं विचारतोस. ते तुझं तू ठरव. पण खेळात ज्याचं जमलं नाही त्यानं शिकवायचं, असा जो सूर तुझ्या पत्रात आहे, तो मला बोचला. म्हणून अमेरिकेतला बेसबॉल खेळाडू आणि कोच रॉन वॉशिंग्टनबद्दल सांगतो.

न्यू ऑर्लिन्सचा मुलगा. कॅन्सस सिटी रॉयल्स संघानं १९७० मध्ये फ्लोरिडात अकादमी काढली, तिथे अठराव्या वर्षी गेला. मेजर लीगचा, म्हणजे तिथल्या सर्वात वरच्या लीगचा, पहिला सामना मिळाला १९७७ मध्ये, डॉजर्स संघाकडून. दहा सामने झाले आणि परत खालच्या लीगमध्ये. मिनेसोटा ट्विन्सकडे जरा स्थिर झाला तोवर तिशी आली होती. सेकंड बेस, थर्ड बेस, त्या दोघांमधली शॉर्टस्टॉपची जागा, सांगतील तिथे उभा राहिला. १९८९ ला मेजर लीगमधला खेळ संपला तेव्हा हिशोब होता १० हंगाम, ५६४ सामने.

१९९६ पासून तो ओकलंड अ‍ॅथलेटिक्सचा कोच. त्याची पद्धत नीट समजून घे, कारण तुला तीच लागणार आहे. तो इनफिल्डरला, म्हणजे बेसजवळ चेंडू अडवणाऱ्याला, दोन्ही गुडघ्यांवर बसवतो, हातात छोटासा सरावाचा ग्लोव्ह देतो आणि चार पावलांवरून चेंडू मारत राहतो. हलके, जमिनीलगत, एकामागून एक. आधी समोर, मग बॅकहँड, म्हणजे ग्लोव्ह अंगापुढून पलीकडे नेऊन, मग टप्पा पडून उठता उठता. उभं राहणं नंतर. पाय मोकळे असले की हाताची चूक पाय झाकतात. खेळाडूलाही ती कळत नाही. पाय काढून घेतले की हात उघडे पडतात. छोट्या ग्लोव्हमध्ये चेंडू नुसता अडत नाही, तो नजरेनं आत न्यावा लागतो. थर्ड बेसमन एरिक चावेझनं २००४ चा आपला गोल्ड ग्लोव्ह, म्हणजे उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार, वॉशिंग्टनला देऊन टाकला, तो या रोजच्या चेंडूंसाठी.

पुढे तो टेक्सास रेंजर्सचा मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाला. २०१० आणि २०११, लागोपाठ दोनदा संघ वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेत, पोचला. २०११ च्या सहाव्या सामन्यात विजेतेपद एका स्ट्राइकवर, म्हणजे फलंदाजाला चुकवणाऱ्या एका चेंडूवर, होतं, तेही दोनदा, आणि दोन्ही वेळा निसटलं. तो सामना आठवला की आजही मला कसंसंच होतं.

मला मोठं वाटतं ते त्याच्या पुढचं. २०१५ मध्ये हाच माणूस ओकलंडला परतला, मॅनेजर म्हणून नाही, साधा कोच म्हणून. मार्कस सेमियन नावाचा तरुण शॉर्टस्टॉप तिथे एररवर एरर, म्हणजे चेंडू अडवण्या-फेकण्यातल्या चुका, करत होता. त्या हंगामात ३५ झाल्या. वॉशिंग्टन रोज त्याच्यासमोर चेंडू घेऊन उभा. पुढच्या वर्षी एरर २१ वर आल्या. २०२१ मध्ये सेमियननं सेकंड बेसवर गोल्ड ग्लोव्ह मिळवला आणि त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्ह्जनं वर्ल्ड सिरीज जिंकली, तेव्हा थर्ड बेसजवळचा कोच वॉशिंग्टनच होता. वय ६९.

मी सुरुवातीला काय करायचो सांगू? रेषेबाहेर उभा राहून ओरडायचो, “खाली वाक, खाली वाक!” एक मुलगा वर्षभर माझ्या ओरडण्याला घाबरून वाकत राहिला. चेंडू त्याच्या मनगटाला लागून उडायचा. ग्लोव्ह उशिरा उघडतोय, एवढंच होतं. जवळ जाऊन बसलो असतो तर आठवड्यात दिसलं असतं. त्यानं खेळ सोडला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

तू स्वतः बॅकहँडला किती अडखळलास, ते आठव. सहज जमणाऱ्याला ती अडचण दिसतच नाही, तुला दिसेल. पहिला महिना बॅट बाजूला ठेव. टेनिस बॉल घे, हातानंच टाक, एका वेळी दोनच मुलं. कोण किती चुकला ते लिहू नकोस, कुठे चुकला ते लिही.

आपल्या मैदानात खडे फार. गुडघे सोलवटतील. सोमवारी सकाळी साडेसहाला ये, पोती मी घेऊन येतो.

तुझा,
सर