गॅसचं मीटर स्वयंपाकघरात, घर दिवसभर बंद, आणि एकदम चौपट बिल. मीटर बाहेर काढून घ्यावं का?

तुम्ही दोघंही नोकरीला, त्यामुळे रीडिंगवाला 'घर बंद' लिहून जातो, वर्षभर अंदाजे बिल आलं आणि आता एकदम चौपट, असा प्रश्न आहे. मी पुण्यात आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळतो. पाइप गॅस आल्यापासून ही तक्रार कुणाची ना कुणाची असतेच. विजेचं बरं असतं, सगळी मीटरं तळमजल्यावर, रीडिंग घेताना आपली गरजच नाही.

आधी बिल नीट बघा. फसवणूक असेलच असं नाही. समजा, दर बिलाला १८ युनिट धरले आणि तुम्ही खरे २४ वापरलेत, तर सहा बिलांत ३६ युनिट मागे राहिले. खरं रीडिंग मिळालं की ते एकाच बिलात येऊन बसतात. भांडायचा मुद्दा वेगळाच आहे: मधल्या काळात दर बदलला असेल, तर सगळा फरक आजच्या दराने लावलाय का? कालावधीप्रमाणे फोड लेखी मागा. आणि हप्ते करून मागायला लाजू नका.

पुढच्यासाठी, रीडिंग स्वतः पाठवा. कंपनीच्या ॲपवर मीटरचा फोटो टाकायची सोय असते. फक्त काळे आकडे वाचायचे, लाल आकडे दशांशाचे. आमच्याकडे एका काकांनी ४१२ च्या जागी ४१२३६५ पाठवलं आणि वर कंपनीलाच झापलं! फोटोत मीटर नंबरही येऊ द्या आणि फोटो जपून ठेवा.

मीटर ओट्याखालच्या कपाटात आहे म्हणता, त्याची मला बिलापेक्षा जास्त काळजी वाटते. मॉड्युलर किचन करणारे मीटर आणि व्हॉल्व्ह बिनदिक्कत शटरमागे बंद करतात. हा गॅस हवेपेक्षा हलका, वर चढतो. सिलिंडरचा जड, खाली साचतो. गळती झाली तर बंद कपाटात तो कोंडतो आणि व्हॉल्व्ह शोधण्यात वेळ जातो. शटरला वर-खाली जाळी बसवून घ्या, पुढ्यात डबे रचू नका. अधूनमधून सगळे बर्नर (गॅस गीझर असेल तर तोही) बंद करून शेवटचा लाल आकडा टिपा आणि अर्ध्या तासाने पुन्हा बघा. हलला असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या उघडा, दिव्याच्या बटणाला हात लावू नका, आणि बाहेर येऊन कंपनीच्या आणीबाणीच्या नंबरवर फोन करा.

मीटर हलवायचं का? हलवता येतं, पण अर्ज कंपनीकडे करायचा, काम त्यांच्याच माणसाने करायचं, खर्च तुमचा. ओळखीचा प्लंबर 'दोन तासांत करतो' म्हणेल, त्याला घरात घेऊ नका. जिन्यात आणायचं तर सोसायटीची परवानगी लागेल आणि जागा कंपनीला पटावी लागेल. केवळ रीडिंगसाठी एवढा खटाटोप मी तरी करणार नाही. किचन नव्याने करणार असाल, तर तेव्हाच मीटर ड्राय बाल्कनीत घ्या.

भाड्याने राहत असाल, तर घरमालकाला आजच विचारा की तुम्ही आलात त्या दिवशीचं रीडिंग कुठे लिहिलंय का. त्या चौपटीत आधीच्या भाडेकरूच्या पोळ्याही असू शकतात.