बैर-शेबा: साताची विहीर की शपथेची?

प्रश्न असा आला आहे: मराठी बायबलात ‘बैर-शेबा’ हे गाव पुन्हा पुन्हा येतं. त्यातलं ‘बैर’ म्हणजे आपलं वैर का? आणि अर्थ कुठे ‘सात विहिरी’ सांगतात, कुठे ‘शपथेची विहीर’, तर खरा कोणता?

वैराशी या ‘बैर’चं काही नातं नाही. हिब्रूत ‘बएर’ म्हणजे विहीर. अरबीतला ‘बीर’ तिचाच सख्खा भाऊ. शब्द एकवचनी आहे, त्यामुळे ‘सात विहिरी’ हा अर्थ लागत नाही. अनेकवचन ‘बएरोत’ होतं, आणि त्या नावाचं निराळं गाव यहोशवाच्या पुस्तकात आहेच.

खरी गंमत ‘शेबा’त आहे. शिन, बेत, आयिन या तीन अक्षरांतून हिब्रूत ‘सात’ (शेवा) होतो आणि शपथ घेण्याचं क्रियापदही (निश्बा) होतं. बायबलातल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात अब्राहामाने खणलेली विहीर गरारचा राजा अबीमलेख याचे चाकर बळकावतात. अब्राहाम मेंढरांची सात मादी कोकरं बाजूला काढून अबीमलेखाला म्हणतो, ही माझ्या हातून घे, म्हणजे विहीर मीच खणली याची साक्ष राहील. कोकरं घेणं म्हणजे हक्क मान्य करणं. लगेच पुढच्या वचनात नावाचं कारण येतं: तिथे त्या दोघांनी शपथ वाहिली म्हणून. म्हणजे सात आणि शपथ दोन्ही एकाच कथेत, शेजारी शेजारी. सांगणाऱ्यालाच दोन्ही हवे आहेत असं मला ठामपणे वाटतं. आपण एक निवडून दुसरा टाकला तर कथेचा निम्मा अर्थ हातचा जातो. मराठीत एका शब्दात हा श्लेष धरता येत नाही, म्हणून भाषांतरात नाव तसंच ठेवून अर्थ तळटीपेत देणं मला योग्य वाटतं.

वैर मात्र या गोष्टीत आहे, फक्त दुसऱ्या विहिरीत! 26व्या अध्यायात अब्राहामाचा मुलगा इसहाक याचे चाकर विहिरी खणतात आणि गरारचे गुराखी पाण्यावरून भांडतात. पहिल्या विहिरीचं नाव एसेक, म्हणजे भांडण. दुसरीचं सितना, म्हणजे वैर. सैतान या शब्दाचा धातू तोच. तिसरीवर कुणी भांडत नाही, ती रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. त्यानंतर अबीमलेख स्वतः येऊन शपथ घेतो आणि त्याच दिवशी पाणी लागतं. ती विहीर शिबा. भांडणापासून शपथेपर्यंतचा सगळा प्रवास नुसत्या विहिरींच्या नावांतून सांगितला आहे. ‘शिबा’ या नावाचा अर्थ जेरोमच्या जुन्या लॅटिन बायबलात मात्र ‘विपुलता’ असा येतो. ‘शिन’ आणि ‘सीन’ एकाच अक्षराने लिहितात. ‘सीन’ धरून वाचलं की त्याच तीन अक्षरांतून तृप्ती, भरपूरपणा असा अर्थ निघतो.

दोन घोटाळे टाळावेत. शलमोनाला भेटायला आलेली शबाची राणी वेगळी. त्या नावात शेवटी ‘आलेफ’ आहे, ‘आयिन’ नाही. शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा दिवस, याचा धातूही वेगळा, त्याचा मूळ अर्थ थांबणं. आठवड्याला मात्र ‘शावुआ’ म्हणतात, तो या सातातूनच आला. अलीशिबा या नावातलं ‘शिबा’ही याच धातूचं.

पुढे हे गाव सरहद्दीची खूण झालं. ‘दानापासून बैर-शेबापर्यंत’ म्हणजे उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत सगळे लोक. आपण ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ म्हणतो, अगदी तसंच. त्याच्या दक्षिणेला नेगेवचं रखरखीत वाळवंट पसरलं आहे. तिथे विहिरीचा हक्क म्हणजे जगण्याचा हक्क, म्हणून तर तिच्यासाठी एवढी शपथ.

आजचं शहर हिब्रूत ‘बेर-शेवा’ असं उच्चारतात. जुन्या वस्तीचं टेकाड शहराच्या पूर्वेला आहे आणि 2005 पासून ते मगिद्दो व हासोर यांच्यासह जागतिक वारसा यादीत आहे. कोकणातून इस्राएलला गेलेली कितीतरी बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू कुटुंबं याच शहरात स्थायिक झाली, तेव्हा या विहिरीच्या गावात मराठीही बोलली गेली आहे.