‘इयर इलेव्हन’ म्हणजे आपली अकरावी नव्हे

इंग्लंडमधल्या लेस्टरहून परतलेल्या आणि आता गंगापूर रोडला राहणाऱ्या एका आईचे पत्र आहे: ‘मुलाची तिकडे अकरावी झाली. जीसीएसई परीक्षेत गणितात 7, इंग्रजीत 6, कम्बाइन्ड सायन्समध्ये 6-6. नाशिकमध्ये थेट बारावी सायन्सला घेतील का? 7 म्हणजे 70 टक्के धरायचे ना?’

ताई, आधी आकड्यांचा घोळ सोडवू. तिकडे मूल पाच वर्षांचे झाले की इयर वनला बसते. त्यामुळे इयर इलेव्हन संपताना ते 16 वर्षांचे असते, म्हणजे आपल्या दहावीच्या वयाचे. जीसीएसई ही दहावीच्याच तोडीची. बारावीला समांतर धरतात ती ए लेव्हल, इयर थर्टीनच्या शेवटी. तेव्हा प्रवेश अकरावीलाच. वर्ष गेले म्हणून हळहळू नका, ते मुळात हातात नव्हतेच.

आणि 7 म्हणजे 70 टक्के नव्हेत! ही 9 ते 1 श्रेणी 2017 पासूनची. 9 सर्वांत वरची, 4 मिळाले की पास. किती गुणांना कोणती श्रेणी, हे दर वर्षी नव्याने ठरते. त्यामुळे अर्जात मनाने टक्के टाकू नका. गणितात सोपा, फाउंडेशनचा पेपर दिला असता तर 5 च्या वर जाताच आले नसते. म्हणजे पोरगा हायर टियरला, अवघड पेपरला बसलाय. गणिताची मला चिंता नाही.

चिंता आहे विज्ञानाची. कम्बाइन्ड सायन्समध्ये तिन्ही शास्त्रे मिळून दोन विषयांइतकीच होतात, म्हणून तर ते 6-6. इथे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी सुटे, आणि कॉलेज रोडचे क्लासवाले त्याचा प्रवेश होईपर्यंत बरेच पुढे गेलेले. पहिली चाचणी वाईट जाईल, तेव्हा घरात रडारड नको.

आता कागद. जीसीएसईचा निकाल ऑगस्टअखेरीस लागतो, आपली अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया तोवर बरीचशी उरकलेली असते. हाती आलेली निकालाची चिठ्ठी म्हणजे प्रमाणपत्र नव्हे. मूळ प्रमाणपत्र काही महिन्यांनी शाळेत येते, ते आणून पाठवणारे कुणीतरी लेस्टरमध्ये गाठून ठेवा. जीसीएसई दहावीच्या बरोबरीची असल्याचे समकक्षता प्रमाणपत्र लागेल का आणि ते कुठून आणायचे, हे आजच कॉलेजात विचारा.

इंजिनिअरिंगचा विचार असेल तर आणखी एक. दहावी महाराष्ट्राबाहेर झाल्याने सीईटीच्या प्रवेशात तो ‘टाइप ए’मध्ये, म्हणजे दहावी-बारावी दोन्ही इथेच केलेल्यांच्या गटात बसणार नाही. ‘टाइप बी’ या पुढच्या गटासाठी तुमचे किंवा यजमानांचे डोमिसाइल लागेल. दोन वर्षे आहेत म्हणून टाळू नका, जुने कागद शोधण्यातच निम्मा वेळ जातो.