परतलेल्या दवासिरांना ‘मोबदला’ की ‘नुकसानभरपाई’?

प्रश्न असा आला आहे: बहरीनमधली दवासिर ही अरब जमात 1923 साली बेट सोडून गेली, तिची मालमत्ता जप्त झाली, काही वर्षांनी तिच्यातले बरेच लोक परतले आणि मग देण्याघेण्याचा वाद उभा राहिला. यावर मराठीत लिहिताना ‘परतलेल्या हद्दपार टोळीला मोबदला’ म्हणावे, की ‘नुकसानभरपाई’?

माझे उत्तर आधी ‘हद्दपार’पासून सुरू होते, कारण खरी मेख तिथेच आहे.

दवासिर मूळचे नज्दचे, म्हणजे मध्य अरबस्तानातले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ते बहरीनच्या पश्चिम किनाऱ्यावर बुदैया आणि झल्लाक इथे वसले. मोत्यांच्या धंद्यात गबर झाले, आणि बहरीनच्या राज्यकर्त्या शेखाचा कर नाही, त्याच्या न्यायकचेरीचा हुकूम नाही, अशा थाटात राहिले. 26 मे 1923 रोजी ब्रिटिशांनी वृद्ध शेख ईसा बिन अली यांना बाजूला सारून कारभार त्यांचे पुत्र हमद यांच्या हाती दिला. मेजर डेली हे तिथले पोलिटिकल एजंट, म्हणजे ब्रिटिश सरकारचे प्रतिनिधी. कर सर्वांना सारखा, कायदा सर्वांना एक, अशी सुधारणांची दिशा होती. दवासिरांना ती मानवणे शक्यच नव्हते. ते गलबतांत बसून समोरच्या किनाऱ्यावर, इब्न सौदच्या मुलखात (आजच्या सौदी अरेबियात), दम्मामला गेले. आजचे दम्माम आणि खोबर ही शहरे त्यांच्याच वस्तीतून वाढली.

आता सांगा, हे हद्दपार झाले का? हद्दपार करतो तो सरकारी हुकूम. तडीपारही तसेच. दवासिर पलीकडच्या तडीला गेले खरे, पण तडीपार नव्हेत. सरकार म्हणणार, ‘आपल्या पायांनी गेलात’. ते म्हणणार, ‘राहण्याजोगे ठेवलेत कुठे?’ ‘हद्दपार’ लिहिलेत की लेखकाने न्याय देऊनच टाकला. ‘स्थलांतर’ लिहिलेत तर उलट बाजूने तोच प्रकार, शिवाय ते पक्ष्यांच्या थव्यासारखे निरुपद्रवी वाटते. जुन्या मराठी कागदपत्रांत नेमका शब्द आहे: परागंदा. जाच, दुष्काळ, स्वारी, कशामुळेही गाव सोडून पांगलेली रयत परागंदा होते. ढकलले कोणी, हे तो शब्द सांगत नाही, आणि वाद मिटलेला नसताना तेच हवे असते.

मग ‘मोबदला’. हा अरबीतूनच आलेला, अदलाबदलीच्या कुळातला शब्द. आपण काही द्यायचे, त्याबदली काही मिळायचे. रस्त्यासाठी जमीन गेली की भूसंपादनाचा मोबदला मिळतो, कारण व्यवहार कायदेशीर असतो आणि कोणी गुन्हा केलेला नसतो. ‘नुकसानभरपाई’त मात्र नुकसान आधी मान्य करावे लागते, आणि बहुधा ते कोणामुळे झाले हेही. बहरीन सरकारने जप्ती ही शिक्षा म्हणून केली असेल, तर परत दिलेल्या घराला भरपाई म्हणणे म्हणजे शिक्षाच चुकीची होती असे कबूल करणे. कुठलाही पोलिटिकल एजंट अशा शब्दावर सही करताना दहा वेळा विचार करील. आपल्या सरकारी मराठीत या अडचणीवर तोडगा आहे: सानुग्रह अनुदान. हक्क नाही, चूक कबूल नाही, तरी पैसे मिळतात! शब्द रुक्ष आहे, पण लबाडीत अचूक.

घरे आणि खजुराच्या बागा परत मिळाल्या तर ‘जप्ती उठवली’ एवढे साधे वाक्य पुरते. ‘खालसा’ लिहू नये. त्यात इनाम किंवा संस्थान सरकारात जमा झाल्याचा अर्थ पक्का बसला आहे. खरी गुंतागुंत मोत्यांच्या धंद्यात. आखातात नाखुदा, म्हणजे गलबताचा तांडेल (आपल्या कोळ्यांचा नाखवा याच शब्दाचा भाऊ), मोती काढायला बुडी मारणाऱ्या पाणबुड्याला हंगामाआधी रक्कम देई, ती फिटत नसे आणि पाणबुड्या त्याच नाखुद्याला बांधलेला राही. यासाठी ‘कर्ज’पेक्षा आपली ‘उचल’ बरी. ऊसतोड मजुराला टोळीच्या मुकादमाकडून मिळते तीच जात. आता नाखुदाच देश सोडून गेला, तर पाणबुड्याकडे अडकलेली उचल ही त्याची मालमत्ता धरायची का? धरली, तर तिच्याबद्दल मागायचे त्याला ‘येणे’ म्हणावे, नुकसान नव्हे. आणि हे येणे रुपयांतच मांडले जाई, कारण तिथे चलन हिंदी रुपयाचे आणि मोत्यांची मोठी पेठ मुंबई.

परत येण्याची अट होती: खास सवलती नाहीत, इतर प्रजेसारखे वागायचे. या प्रकाराला मराठेशाहीत ‘कौल’ म्हणत. परागंदा रयतेला कौल देऊन परत आणायचे, पडीक जमिनीवर इस्ताव्याने, म्हणजे सारा वर्षागणिक चढवत, बसवायचे. फरक एवढा, की आपल्याकडचा कौल आमिष दाखवी. दवासिरांच्या बाबतीत जुनी मोकळीक काढून घेतली गेली. म्हणून ‘कौल देऊन बोलावले’ न लिहिता ‘अटींवर परत येऊ दिले’ लिहावे. शिवाय आजचा वाचक ‘कौल’ म्हटले की निवडणूक नाहीतर देवाला लावलेली फुले आठवतो.

‘टोळी’बद्दल जाता जाता. दरोडेखोर आणि टोळधाड यांच्या संगतीने तो शब्द बिघडला आहे. ‘कबिला’ मोहक वाटतो, पण जुन्या मराठीत कबिला म्हणजे बायकामुले, घरचा परिवार. ‘जमात’ चालेल. आणि ‘दवासिर’ हे मुळातच अनेकवचन आहे, एक माणूस ‘दोसरी’. तेव्हा ‘दवासिरांनी’ ठीक, ‘एक दवासिर’ नको.

तुमचे वाक्य मी असे लिहीन: ‘परागंदा झालेल्या दवासिरांना अटींवर परत येऊ दिले, जप्त घरेबागा आणि अडकलेले येणे यांवरून मात्र वाद राहिला.’ पुढे दवासिरांची बाजू मांडताना त्यांच्या तोंडी ‘नुकसानभरपाई’ खुशाल घाला, मागणी त्यांची आहे. सरकारच्या तोंडी तो शब्द नको. आणि ‘मुआवजा’ हिंदी बातम्यांपुरताच राहू द्या.